खड्डा नको, खाडी घ्या

गणपती जवळ आले की मुंबई-गोवा महामार्गाची पाहणी होते. मंत्रीमहोदय गाडीतून उतरतात, खड्ड्याकडे बघतात आणि पुढची तारीख देऊन निघतात. खड्डा तिथेच थांबतो, त्याला गणपतीला गावी जायचं नसतं. चौपदरीकरण सुरू झालं २०११ साली. त्यानंतर कितीतरी वर्षांनी हाती घेतलेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५मध्ये पुरा झालासुद्धा. पण नागपूरकरांना घाई असते. चाकरमान्याला कसली? त्याचा बाप्पा दीड दिवस तरी थांबतो.

म्हणून हल्ली जाणकार सांगतात, ‘‘हायवेचा नाद सोडा, सागरी मार्गाने जा. काय सीन आहे!’’

सीन आहेच, नाही कोण म्हणतंय? रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला निघा, आरे-वारेच्या चढावर खाली समुद्र असा काही पसरतो की कंबर दुखतेय हे ध्यानातच राहत नाही. रस्तेदुरुस्तीपेक्षा हा इलाज स्वस्त, आणि निविदाही काढावी लागत नाही.

अडचण एवढीच, की रेवस ते रेडी या मार्गाला खाड्या आडव्या येतात. अंतुले १९८०मध्ये मुख्यमंत्री झाले, तेव्हापासून हा मार्ग भाषणांत धावतोय. खाडीशी आला की मात्र फेरीबोटीची वाट बघतो. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. बाणकोटच्या खाडीत पुलाचे खांब उभे आहेत. पूल नसला तरी खांब बघायला मिळतात, हेही पर्यटनच.

धक्क्यावर गाड्यांची रांग. ‘‘रिव्हर्स घ्या साहेब! अजून... अजून... बास!’’ तुमचा आरसा आणि शेजारच्या टेम्पोचा आरसा यांच्यात बोटभर जागा. दार उघडत नाही, म्हणून अख्खं कुटुंब गाडीतच. खिडकीतून समोर दिसतो तो अथांग निळा... टेम्पोचा ताडपत्रीवाला हौदा. मागून कुणीतरी विचारतं, ‘‘डॉल्फिन दिसतात का हो इथे?’’ तिकीटवाला पोरगा सुटे मागत पुढे जातो.

तरी सांगतो, जायचं तर लवकर जाऊन या. कारण आता या सागरी मार्गाचंही रुंदीकरण करायचं ठरलंय. ते एकदा सुरू झालं, की आपले आजोबा भाऊच्या धक्क्यावरून ज्या आगबोटीने गावी जायचे, तिची चौकशी करावी लागेल.