पडद्यावरची निवासी शाळा आणि बीड

वयात येण्याच्या चित्रपटातली निवासी शाळा थंड हवेच्या ठिकाणी असते. ‘तारे जमीन पर’ (२००७) मधली पाचगणीत भरली. तिथे मूल घर सोडते, आईवडील मागे राहतात. बीड जिल्ह्यात पद्धत उलटी आहे. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि मूल गावात राहते. त्याच्यासाठी जिल्हा परिषदेच्या शाळेत हंगामी वसतिगृह सुरू होते. सकाळ-संध्याकाळचे जेवण तिथे, दुपारची खिचडी पोषण आहाराची, झोपायला बहुधा आजीचे घर. उसाचे गाळप आटोपले की वसतिगृहही आटोपते.

विविधतेची सोय म्हणून पडद्यावर गरीब मित्राची एक जागा राखीव असते. नायकाला आयुष्याचा अर्थ सांगून तो मध्यंतरानंतर दिसेनासा होतो. हंगामी वसतिगृहात सगळेच तो मित्र असल्याने नायक निवडणे अवघड जाते.

वयात येण्याचा भाग मात्र आटोपशीर आहे. ऊसतोड मजुरांना मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे मुलीचे लग्न लवकर उरकण्याकडे कल असतो. पटकथेला ज्यासाठी अडीच तास लागतात, ते मांडवात अक्षता पडेपर्यंत होऊन जाते.