मासिक कामे यंत्राकडून यथासांग करवून घेण्याचा विधी

दरमहा बॅकअप घेणे, जुने लॉग काढून टाकणे, हिशेबाचा अहवाल पाठवणे ही कामे माणसाने लक्षात ठेवू नयेत. युनिक्समध्ये त्यासाठी १९७०च्या दशकापासून क्रॉन नावाचा सेवक नेमलेला आहे. तो दर मिनिटाला यादी पाहतो आणि लिहिले असेल तेवढेच करतो. स्वतःची अक्कल चालवायची त्याला मुभा नाही.

प्रथम टर्मिनल उघडावे. 'क्रॉनटॅब', पुढे आडवी रेघ आणि 'ई' टाइप केले की यादी उघडते. ईला खेटूनच आरचे बटण आहे. ते दाबले गेल्यास अख्खी यादी पुसली जाते. 'नक्की ना?' असे विचारण्याची या घराण्यात सहसा पद्धत नाही.

यादीत प्रत्येक कामाला एक ओळ आणि ओळीत आधी पाच रकाने : मिनिट, तास, तारीख, महिना, वार. '० ६ १ * *' म्हणजे दर एक तारखेला सकाळी सहा. (आकडे इंग्रजीच टाकावेत, भाषाभिमान इथे चालत नाही.)

काम महिनाअखेरीस हवे असल्यास तारखेच्या रकान्यात ३१ लिहावे आणि वर्षाकाठी सात अहवालांवर समाधान मानावे. ज्यांना बाराही हवेत, त्यांनी २८-३१ लिहून, आज्ञेच्या आधी 'उद्या एक तारीख आहे का?' अशी अट घालावी. त्या अटीत टक्क्याचे चिन्ह आले, तर आधी बॅकस्लॅश द्यावा. नाहीतर क्रॉन तिथेच ओळ मोडतो.

खरी परीक्षा दुसऱ्या शनिवारी. 'बँक बंद' ही आठवण हवी म्हणून तारीख ८-१४ आणि वार ६ असे लिहावे, तर क्रॉन 'आणि' न समजता 'किंवा' समजतो. मग आठ ते चौदा रोज, शिवाय उरलेले सगळे शनिवार, म्हणजे महिन्यातून दहा-अकरा वेळा बँक बंद. हा नियम ज्याने केला त्याला दर शनिवारी कामावर बोलवावे. तोवर रकान्यात फक्त ८-१४ ठेवावे आणि वाराची चौकशी आज्ञेत करावी.

संकष्टीची आठवण क्रॉनकडे मागू नये. त्याला तिथी कळत नाही.

नेमलेल्या वेळी यंत्र बंद असेल, तर काम बुडाले. रात्री बंद होणाऱ्या लॅपटॉपवर म्हणून ॲनाक्रॉन बसवावा, तो राहिलेले काम नंतर उरकतो. आणि यादीची एक प्रत वेगळ्या फायलीत आजच काढून ठेवावी. आरचे बटण अजून तिथेच आहे.