जून भेंडी आणि कलावंत

चित्रकलेत ज्यांचा हात कधीच बसला नाही, त्यांच्यासाठी निसर्गाने भेंडी निर्माण केली असावी. देठाकडून बोटभर सोडून आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल आयतं तयार. आपण फक्त रंग लावायचा आणि दाबायचं. एलिमेंटरीच्या परीक्षेला टरकलेली मंडळीही इथे कलावंत ठरतात.

भेंडी मात्र जून हवी. कोवळी कागदावर टेकवली की मान टाकते. सगळं जग टोकं मोडून कोवळी निवडत असताना आपण "मावशी, जून नाही का?" असं विचारतो, तेव्हा भाजीवाली ज्या नजरेने बघते ती कुठल्याही कलासमीक्षकाहून भेदक असते.

ठसा बटाट्याचा करायचा तर त्याचे नखरे वेगळे. कापल्यावर त्याला पाणी सुटतं. ते टिपलं नाही तर रंग पातळ होऊन ओघळतो. रंगही ताटलीत ओतू नये. जुन्या सुती फडक्याची चौपदरी घडी ओलसर करून तिच्यावर दाट पोस्टर कलर पसरावा आणि ठसा तिथे टेकवावा. कागदाखाली वर्तमानपत्राची गादी लागते. त्यासाठी अग्रलेखाचं पान उत्तम, कारण ते सहसा कोणी चुरगळलेलं नसतं.

अक्षरं कोरायची तर उलटी कोरावी लागतात. बटाट्यावर 'शुभ दीपावली' सुरेख दिसली, की कागदावर ती आरशात वाचायची वेळ येणार हे नक्की. आडनाव ठाकूर असेल तर त्यातला 'ठ' तरी निभावतो, तो आरशातही तसाच दिसतो.

दुसरा रंग घ्यायचा म्हणजे खरी कसोटी. राजा रविवर्म्यांनी 1894 साली गिरगावात छापखाना काढला, तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. आपलं बटाट्याच्या उरलेल्या अर्ध्या भागावर भागतं. रंग जरा सरकला तर पणतीची ज्योत पणतीबाहेर जळते. पाहुण्यांना ती मुद्दाम केलेली वाटते. वाटू द्यावी.

साध्या सामानाला हसणाऱ्यांना नंदलाल बोस दाखवावेत. काठी टेकत निघालेल्या गांधीजींचं त्यांचं 1930 सालचं प्रसिद्ध चित्र लिनोकटच, म्हणजे लिनोलियम कोरून घेतलेला छाप आहे, आणि लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू. लिनोवर शाई लावून वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने गोल गोल घासायचं. यंत्राशिवाय छाप उठतो. चमचा कुठला घ्यायचा यावर घरात जे होतं, ते कलेच्या इतिहासात कोणी लिहीत नाही.

माझं मत विचाराल तर पहिला छाप कोणाला देऊ नये, तो रंगाने बरबटलेला असतो. दुसरा-तिसरा खरा देखणा. त्याखाली पेन्सिलीने क्रमांक आणि सही जरूर करावी. आणि रंग लागलेली भाजी सरळ टाकून द्या. पोस्टर कलर पोटात घ्यायचा नसतो, हे घरातल्या काटकसरी माणसाला आधीच सांगून ठेवा.