रिव्हरफ्रंट आराखडा महोदयांस, मुक्काम कोणतेही शहर

माननीय आराखडा महोदय,

साबरमतीच्या काठी आपला उदय झाल्यापासून आपल्या कीर्तीचा ओघ देशातील बहुतेक नद्यांपेक्षा अधिक बारमाही राहिला आहे. 2023 साली पांढुर्णा व सौसर हे तालुके छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला असल्याने, जिल्ह्याच्या ठिकाणाला साजेशा सुशोभीकरणासाठी आपली स्वारी आज ना उद्या तिथल्या जाम नदीवर येणारच, असे गृहीत धरून प्रस्तुत पत्र आगाऊ धाडले आहे.

अहमदाबादेत आपण नदीला दोन भिंतींमध्ये सुमारे 263 मीटर अशा एकसारख्या रुंदीत बसवले; आत चकाकणारे पाणी मुख्यतः नर्मदेच्या कालव्याचे असून ते खाली वासणा बंधाऱ्याने अडवलेले आहे, हे मात्र आपल्या रंगीत चित्रांत कोठेच येत नाही. जाम पावसावर जगते. तिच्यासाठी कोणता कालवा योजला आहे तेही कळवावे, कारण संत्र्याच्या बागा जगवताना मेटाकुटीला येणाऱ्या या मुलखात असे शिलकी पाणी कोणाच्या ऐकिवात नाही.

मुख्य तक्रार भिंतीची आहे. उथळ पाणी, त्यालगतचा चिखल, लव्हाळ्याचे बेट आणि वर उंबर, करंज, अर्जुन यांची दाटी, अशा चढत्या पायऱ्यांनी जो काठपट्टा, म्हणजे पाणी आणि जमीन यांच्या देवघेवीचा पट्टा, तयार होतो, तो आपल्या नकाशावर एका जाड रेघेत उरकलेला असतो. खंड्या आणि वेडा राघू मातीच्या उभ्या दरडीत बोगदा खोदून त्याच्या टोकाशी अंडी घालतात. टिटवी उघड्या जमिनीवर गोट्यांमध्ये, गोट्यांच्याच रंगाची अंडी इतकी बेमालूम ठेवते की पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत. आपल्या सिमेंटमध्ये खंड्याने चोच कोठे खुपसावी? रात्रभर पाण्यावर पडणारे दिव्यांचे झोत आणि शोभेची परदेशी झाडे यांची गाऱ्हाणी जागेअभावी सोडली आहेत.

माणसांच्या नावाने जे होते तेही माणसांना विचारून होत नाही. पोळ्याला बैल धुवायचे तर पाण्यापर्यंत मातीचा सलग उतार लागतो. बैलांनी रेलिंगला टेकून फोटो काढावेत अशी योजना असेल तर तसे निविदेत नमूद करावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधल्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार, म्हणजे त्या झाडासाठी दोन्ही काठांची एकमेकांवर दगडफेक, होते, माणसे रक्तबंबाळ होतात, जीवही गेले आहेत. एका दिवसापुरत्या तोडून आणलेल्या पळसासाठी डोकी फोडून घेणारे हे दोन काठ, वर्षभर उभ्या असलेल्या करंजावर कुऱ्हाड पडली तर ब्रही काढणार नाहीत, हे आपण बरोबर हेरले आहे, आणि संताप त्याचाच आहे! पुण्यात निदान 2023 साली मुळा-मुठेकाठच्या झाडांसाठी चिपको मोर्चा निघाला.

तरीही सगळा दोष आपल्या माथी मारवत नाही. आपल्याला जन्म देणाऱ्या तरुण वास्तुकाराच्या हाती निविदेची मुदत असते, नदीचे वर्ष नसते. ज्येष्ठातले कोरडे पात्र आणि श्रावणातला पूर एकाच नकाशात कसे काढायचे, हे त्याला कोणी विचारूच देत नाही. शिवाय बिल निघते ते भिंतीचे. हात न लावता राखलेल्या काठासाठी मोजमाप पुस्तिकेत रकानाच नाही, आणि जे मोजले जात नाही त्याचे पैसे कोणता कंत्राटदार मागणार? आपणही बिचारे त्या रकान्याचेच अपत्य.

तेव्हा लोक जेथे आजही उतरतात तेवढ्याच जागी घाट बांधावा, समोरचा काठ कच्चा ठेवावा, फिरण्याची वाट पूररेषेच्या वर न्यावी, आणि माती धरून ठेवणे अटळच असेल तेथे गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत रचलेले सुटे दगड, वापरावेत. त्यांच्या फटींत मुळे शिरतात आणि बेडूकही राहतात. जागा पाहण्यास पोळ्याच्या दिवशी यावे. दुसऱ्या दिवशी येणे टाळावे. त्या दिवशी दोन्ही काठांवर गोटे तयार असतात आणि पात्रात मधोमध उभा असलेला कोण, याची चौकशी होत नाही.