थोरला आश्रमात गेला

मोशीतल्या त्या घरात बातमी फुटली ती अर्धवटच : थोरला आश्रमात चाललाय. आजीने पदर डोळ्याला लावला. "दहावीला गणितात गेला म्हणून काय संन्यास घ्यायचा?" आश्रमाच्या आधी 'विज्ञान' असा शब्द आहे, हे तिला पटवण्यात अख्खी दुपार गेली.

गाव पाबळ, तालुका शिरूर. नातेवाइकांना ते ठाऊक होतं मस्तानीच्या समाधीमुळे. निगडीच्या आत्याच्या मते शिक्षण इंजिनिअरिंगच्या क्लासपाशी सुरू होतं आणि पॅकेजपाशी संपतं. पाबळ मध्ये कुठेच लागत नाही.

वडिलांची अडचण वेगळी. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये चाकणला सुरू झाला, त्याच सुमारास ते बीडहून 'कंपनीला लागायला' आले. परमनंट होण्याची वाट ते अजून पाहतात. गाव सोडून कारखान्याकडे धावायचं, ही घराण्याची रीत. आणि पोरगं कारखान्याकडे पाठ फिरवून गावाकडे निघालेलं! सोडायला गेले तर चाकणलाच अडकले. फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये इथे शाहिस्तेखानाला जवळजवळ दोन महिने रोखून धरलं होतं. हल्ली ते काम तळेगाव चौक करतो, तेही बिनपगारी.

उलट दिशेने जाणारा हा काही पहिला नव्हे. डॉ. श्रीनाथ कलबाग अमेरिकेत डॉक्टरेट घेऊन आले, हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात रमले आणि ते सोडून १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढून बसले. शाळेशी न जमलेल्या पोरांना हाताने काम करत शिकवायचं, एवढाच हट्ट. वर्षभर तिथेच राहायचं. वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती, कोंबड्या, चिक्कीसुद्धा. गावातली खरी कामं पोरांनीच करून द्यायची, त्यामुळे जोड कच्चा राहिला तर मास्तरांच्या आधी गिऱ्हाईक ओरडतं. अमेरिकेतल्या एमआयटीची फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची प्रयोगशाळाही २००२ मध्ये इथेच आली. पुण्याला वळसा घालून.

"सर्टिफिकेट चालतं का पण?" वडिलांनी विचारलं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे म्हटल्यावर त्यांनी पहिल्यांदा चहा घेतला.

दिवाळीला थोरला घरी आला. आल्याआल्या घराला अर्थिंगच नाही म्हणून बापावर डाफरला, आजीच्या खाटेचा पाय जोडला आणि मग रक्तगट तपासायला सुई काढली. आजीने बोट पुढे केलं, पण आधी हळूच विचारून घेतलं, "महाराज कोण आहेत रे तिथे?"