कायले पायजे?

वर्ध्यात आमच्या ओळखीचे एक 'नकोभाऊ' आहेत. नाव अर्थातच लोकांनी ठेवलेलं. ब्लॉग लिहायचा तर तयार सॉफ्टवेअर फुकटात मिळतं. पण त्यात बटणं फार, म्हणून भाऊंनी स्वतःचंच लिहिलं. पायथनच्या जेमतेम दीडशे ओळी. साध्या मजकुराची फाइल दिली की वेबपान तयार. संपलं.

लोकांचं मात्र संपत नाही.

"काका, खाली प्रतिक्रिया लिहायला चौकोन द्या ना," पुतण्या म्हणतो.

"कायले पायजे? ज्याले बोलायचं त्यानं घरी यावं."

"निदान शोधायची सोय?"

"चौदा लेख हायेत. डोळ्यानं शोध."

"अहो, फोटो तरी टाकता येऊ द्या," वहिनी म्हणतात. "गोरसपाक दाखवायचा झाला तर?"

"खुसखुशीत, असं लिहीन."

फारच छेडलं की भाऊ सेवाग्रामच्या दिशेला हात करतात आणि 1929 सालात शिरतात. गांधीजींच्या चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी तेव्हा एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, झोपडीतल्या बाईला आठ तास न दमता चालवता यावा, वीस वर्षं टिकावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. "पाह्यलं? आधी अटी, मंग यंत्र!" आठ तासांत सोळा हजार वार सूत निघालं पाहिजे, ही त्यातलीच अट भाऊ सोयीस्करपणे गाळतात. त्यांचं स्वतःचं उत्पादन वर्षाला चार लेख. त्यातले तीन सॉफ्टवेअरमधून काय काय काढून टाकलं यावर.

पण भाऊही माणूसच. सगळ्या बटणांना पुरून उरले आणि तिथीपुढे पाघळले. लेखावर तारखेऐवजी मराठी तिथी यावी, फाइलचं नावही तेच असावं, असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यासाठी रात्री जागून आणखी चारशे ओळी लिहिल्या. म्हणजे मुलीपेक्षा करवलीच जड! 2023 साली श्रावण अधिक आला. अधिकातल्या शुद्ध पंचमीला भाऊंनी कपाशीच्या डवरणीवर लेख चढवला. त्यांच्या आयुष्यातला तो एकमेव बरा लेख, असं वाचलेले दोघेही सांगतात. मग निज श्रावणात नागपंचमी आली, भाऊंनी तिच्यावरही लेख चढवला. महिना तोच, तिथी तीच, फाइलचं नाव तेच. नागोबा थेट डवरणीवर जाऊन बसले. जुनी प्रत राखायची सोय भाऊंनी आधीच 'कायले' म्हणून उडवली होती.

तिथी गेली, चारशे ओळीही गेल्या. डवरणीचा लेख पुन्हा लिहा म्हटलं, तर त्यावरही "कायले?"

खरं ते मात्र सांगायला हवं. भर पावसात टॉवरची एकच काडी असते, बँकेचं ॲप गरगरत बसतं, तेव्हा भाऊंचं पान बोट लावताच उघडतं. वाचायचं असेल तर पत्ता त्यांच्याकडूनच लिहून घ्या. गूगलला सापडायची सोय त्यांनी ठेवलेली नाही.