प्लास्टिकच्या कपात मावतील तेवढीच भुतं

जेम्स ओगलथॉर्पने 1733 साली अमेरिकेत सव्हाना गाव वसवलं आणि दोनच वर्षांत त्या जॉर्जिया वसाहतीत रम आणि गुलामगिरी या दोन्हींवर कायद्याने बंदी आली. इतकं सोवळं कुणाला झेपतंय? रमबंदी 1742 मध्ये उठली, गुलामगिरीवरची 1751 मध्ये. आता त्याच गावात रात्री पर्यटकांचे घोळके एका पबातून दुसऱ्या पबात जातात आणि वाटेत गाइड भुतं दाखवतो. पैसे दोन्हींचे.

सोय मात्र चोख. ऐतिहासिक भागात 16 औंसांचा एक प्लास्टिकचा कप हातात धरून भर रस्त्यात पीत हिंडायची मुभा आहे. काच नको, कॅन नको. पायांनी असहकार पुकारलाच तर टप कापलेल्या शववाहिन्या आहेत. त्यांत बसून जिवंत माणसं हात हलवत गावभर मिरवतात. आपण पितृपक्षात पान वाढतो, कावळा शिवला की पितर वर्षभर मोकळे. सव्हानातल्या मृतांना बारमाही रात्रपाळी.

पण भूत म्हणून नेमणूक मिळणं सोपं नाही. त्याला वजन लागतं. जेम्स स्टार्क घ्या. 1832 च्या ऑगस्टमध्ये सिटी हॉटेलात डॉ. फिलिप मायनिसने त्याला गोळी घातली. त्याआधी अपमान, द्वंद्वाचं आव्हान, त्यावरून तणातणी, सगळं कसं खानदानी. मायनिस निर्दोष सुटला. त्या इमारतीत पुढे मून रिव्हर नावाची ब्रूअरी आली आणि स्टार्कसाहेब सेवेत कायम झाले.

त्याहून मोठा वशिला कॅप्टन फ्लिंटचा. जुन्या पायरेट्स हाउसमध्ये याचं भूत वावरतं म्हणे. आता हा फ्लिंट म्हणजे स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’मधला चाचा. सव्हानात रम पिऊन तो मेला, असं त्या कादंबरीत आहे. जो जन्मलाच नाही, त्याचंही भूत! मृत्यूचा दाखला नसला तरी चालतं, प्रकाशक बरा मिळायला हवा.

कलोनियल पार्क दफनभूमीत 1820 च्या पीतज्वराचे जवळपास 700 बळी आहेत, पण फाटक रात्री बंद. त्यांना कुंपणाच्या गजांतूनच फ्लॅश मारून उठवायचं.

आता 1859 च्या मार्चमधले दोन दिवस. पिअर्स बटलर नावाच्या जमीनदाराला जुगार आणि सट्ट्यातलं कर्ज फेडायचं होतं. त्यासाठी त्याने आपल्या मळ्यांवरची 436 माणसं विक्रीला काढली. पुरुष, बायका, तान्ही मुलं. लिलाव सव्हानाजवळच्या टेन ब्रोएक शर्यतीच्या मैदानावर झाला. आधी त्यांना घोड्यांच्या ठाणांत ठेवलं होतं, गिऱ्हाइकं येऊन दंड चाचपत, दात तपासत. त्या दोन दिवसांत पाऊस थांबला नाही. बटलरला तीन लाख डॉलरांच्या वर मिळाले. जन्मभराच्या ताटातुटी झाल्या. इच्छा अपुरी राहिली की भूत होतं, हा नियम खरा असेल तर त्या मैदानात पाय ठेवायला जागा उरू नये.

पण तिथे भूतबित नाही. असेल कसं? मैदान ऐतिहासिक भागाच्या बाहेर, म्हणजे कप घेऊन फिरायच्या हद्दीच्या बाहेर. या गावात भूतबाधेची सीमा आणि मद्याची सीमा एकच आहे. पबच नाही तिथे भुताने करायचं काय, आणि टिप कोण देणार?

आपण फार हसायला नको. आपल्याकडेही मुंजा व्हायला आधी मुंज व्हावी लागते आणि ब्रह्मराक्षसाच्या जागेला जात बघतात.

असो. ज्यांना त्या मैदानाच्या बाजूला जायचंच आहे त्यांनी गाडी काढावी. एक फलक आहे तिथे, 2008 मध्ये लावलेला. मात्र चार पब झाल्यावर गाडी चालवणं हा जॉर्जियात गुन्हा आहे.